लसणाचे हात

बाबा गेल्यावर कोंबड्यांची शेड बंद करायची, हे धाकट्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. थोरलीने हट्टाने पिल्लांची एक बॅच मागून घेतली. ही पिल्लं नीट वाढली तर शेड राहील, नाहीतर कुलूप. आणि वाढवायची ती बाबांसारखीच: खाद्यात औषधं नाहीत; लसूण, हळद, ओवा, बस्स.

बाबांना लोक मागून 'लसूणशेठ' म्हणायचे. ते कानावर आलं की बाबा उलट खूशच व्हायचे. घरात मात्र आई त्यांना ओट्याजवळ फिरकू देत नसे. "आधी हात धुवा! जेवायला आलात की फोडणी द्यायला?" बाबा लिंबू चोळचोळून हात धुवायचे, पण वास कुठला जातोय. लहानपणी थोरलीला ताप आला की कपाळावर तोच हात आणि तोच वास यायचा. तिला तो औषधापेक्षा बरा वाटायचा.

तिने लसूण वाळवून कुटला, हळद-ओवा घातला, खाद्यात मिसळून पिल्लांपुढे ठेवला. पिल्लांनी चोच लावली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही भांडी तशीच. पिल्लं दिव्याखाली अंग चोरून बसलेली.

धाकटा दारातूनच म्हणाला, "ताई, उपाशी मारतेस का त्यांना? साधं खाद्य दे आणि मोकळी हो."

तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

संध्याकाळी आई शेडमध्ये आली. बाबा गेल्यापासून तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं. तिने चिमूटभर खाद्य नाकाशी नेलं.

"अगं, एवढ्याशा जिवांना एवढा लसूण? तुझे बाबा सुरुवातीला खाद्यात काही म्हणजे काही घालायचे नाहीत. नुसता लसूण हातांना चोळायचे आणि त्या हातांनी खाद्य कालवायचे. आधी वासाची ओळख, मग चव. उगाच का मी रोज त्यांच्या हातांवरून भांडायचे?"

थोरलीने भांडी रिकामी केली. पाकळ्या तळव्यांवर रगडल्या आणि साधं खाद्य कोपरापर्यंत हात घालून कालवलं. एक पिल्लू आलं, मग दुसरं, मग अशी झुंबड उडाली की भांडं दिसेना. धाकटा पिल्लांसाठी पाणी भरायला लागला.

थोरली हात धुवायला नळाकडे निघाली. आईने तिचं मनगट धरलं, तळवा नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "आज नको धुऊस."