सूत्रधाराचा शब्द

धाकटीच्या मनगटावरचा डाग कडेने पिवळा होता आणि मध्ये हिरवट. त्याला लागूनच अंगठ्याएवढा दुसरा डाग होता, ताजा, जांभळा. म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळचे. कातडीखाली साकळलेलं रक्त कोणत्या क्रमाने रंग बदलतं, हे थोरलीला पाठ होतं. तिची निम्मी हयात प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेली होती. तिने डाग पाहिले आणि नेहमीसारखी मान खेळाच्या नकाशाकडे वळवली.

रविवारची दुपार थोरलीच्या घरी खेळाची. खेळ जुना, बहिणींच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्यात ना संगणकाचा पडदा, ना बटणं. चौकटीच्या कागदावर काढलेलं भुयार, वीस बाजूंचा फासा आणि प्रत्येकाने घेतलेलं एक सोंग. धाकटी चोर, तिचा नवरा योद्धा. शेजारचे ड्रायव्हरकाका मांत्रिक. त्यांचा मंत्र आजवर एकदाही वेळेवर लागू पडला नव्हता. थोरली सूत्रधार. भुयारात काय दिसतं, कोण जगतं, कोण मरतं, ते ती सांगायची. फाशावर मोठा आकडा पडला की वार लागायचा, पण शेवटी तिने तोंडाने म्हटलं की ते झालं.

"ते पुस्तक संपलं काल," धाकटी पेन्सिलीला टोक करत म्हणाली. "वसतिगृहात एकेक पोरगी मरते ते."

"शाळकरी पोरींची भुताखेतांची पुस्तकं," नवरा म्हणाला. "वय काय, वाचते काय!"

"भीती मस्त जमलीय गं ताई. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. खुनी कोण, हे निम्म्या पुस्तकातच सगळ्यांना कळलेलं असतं. त्याच्या पंगतीला बसून जेवतात, त्याच्या विनोदांना हसतात. तोंड उघडायला एक बया तयार नाही."

"मध्येच कुणी बोललं तर पुस्तकच संपेल," थोरली म्हणाली.

"मग संपू दे की!"

"आणि लेखकाने खायचं काय?" काकांनी विचारलं. सगळे हसले. धाकटीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

थोरली बोलत नव्हती त्याला कारण होतं. मागे मामाने फाटलेल्या ओठाबद्दल नुसतं विचारलं, तर नवऱ्याने मामाचं घर धाकटीला कायमचं बंद केलं. आपण बोललो तर रविवारही जाईल. रविवार आहे तोवर ती निदान डोळ्यांसमोर तरी आहे. या हिशेबावर थोरलीने मूग गिळले होते.

खेळ सुरू झाला. पहिल्याच दालनात काकांच्या मंत्राने त्यांचीच दाढी पेटली. दुसऱ्यात योद्ध्याने प्रेतांची मुंडकी उडवली आणि थोरलीने भिंतीवरून ओघळणारं रक्त नेहमीच्या शांत आवाजात वर्णन करून सांगितलं. तिसऱ्यात चोराला किल्ली सापडली.

"माझ्याकडे दे," नवरा म्हणाला.

"नाही देत. हातातली वस्तू दिली तर मी चोर कसली?"

"मग योद्धा तिची बोटं मोडतो. एकेक करून."

"अहो जावईबापू, राक्षस तिकडे आहे!" काका म्हणाले.

त्याने फासा टाकला. एकोणीस. "मोडली. आता सांगा ताई, कशी मोडली ते. आवाज कसा आला, तेही सांगा."

 थोरलीला त्या मनगटाखेरीज काही दिसेना. "योद्ध्याचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही," ती कशीबशी म्हणाली.

"एकोणीस पडलेत, ताई!"

"माझा शब्द शेवटचा."

"आणि चोर," धाकटी म्हणाली, "योद्ध्याच्या पोटात सुरी खुपसते." तिने फासा टाकला. वीस.

"गेला बाराच्या भावात!" काकांनी टेबलावर थाप मारली आणि ते खो खो हसले.

नवराही हसला. हसता हसताच त्याने धाकटीचं मनगट धरलं, नेमकं जांभळ्या डागावर, आणि पिरगाळलं. दुसऱ्या हाताने तिचे केस मुठीत घेऊन तिचं तोंड टेबलावर आदळलं. एकदा. पुन्हा. फासा जमिनीवर उडाला. नाकातून आलेलं रक्त भुयाराच्या चौकटींत पसरलं. काका उठून त्याच्या पाठीला भिडले, तर त्याने कोपराने त्यांच्या बरगडीत असा तडाखा दिला की ते कपाटावर जाऊन कोसळले. तो तिसऱ्यांदा तिचं डोकं उचलत होता.

थोरलीने पितळी पेपरवेट उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला, जिथे हाड कातडीच्या लगेच खाली असतं तिथे. काटकी मोडल्यासारखा आवाज आला. त्याची मूठ सुटली.

तो कळवळत मागे सरकला. हात छातीशी धरून, दात खात म्हणाला, "चल. घरी चल, मग बघतो तुझ्याकडे."

धाकटी उठली. एका हाताने नाक दाबून, दुसऱ्याने भिंत चाचपत ती दाराकडे गेली आणि पायाने आपल्या चपला शोधू लागली. रोजचीच वाट असल्यासारखी.

आजवर थोरलीने पाहिले होते ते फक्त डाग. मार खाल्ल्यावर घरी जायला चपला कशा शोधल्या जातात, ते ती आज पाहत होती.

"चपला राहू दे," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका. पुढचा रविवार विसरा मग."

"विसरले." थोरली दारात येऊन उभी राहिली. पेपरवेट अजून हातातच होता. "काका, उठता येतंय का? पोलिसांना फोन लावा आणि माझ्याकडे द्या. ही आता तुझ्या घरी येणार नाही. आणि आजवर काय काय झालं ते मी सांगणार आहे, पहिल्या डागापासून."