पंधरा सहस्रांश सेकंद

बाबांच्या जबड्याचे डावीकडचे हाड गुरुवारी सकाळी काढले जाणार होते. त्यानंतर चेहरा कसा दिसेल, हे सर्जनने कागदावर रेखाटून दाखवले. रेखाटन चांगले होते. बाबांनी ते फार वेळ पाहिले नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "उद्या दुपारी माझा एक फोटो काढ. माझ्याच कॅमेऱ्यानं. भिंतीवरचा तुझ्या आईचा फोटो त्यातलाच आहे."

मागणी अवाजवी नव्हती. घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे एकातही ते नव्हते. आरशासमोरच्या एका फोटोत तेवढा त्यांचा खांदा आला होता.

कॅमेरा तीस वर्षांचा होता. त्याच्यासोबत ते वापरत ते फ्लॅशचे बल्ब, एकदा पेटले की संपणारे, बाजारातून केव्हाच नाहीसे झाले होते. मी त्याच संध्याकाळी फिल्म भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वायरने जोडायचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, फिल्म घालण्याआधी कॅमेऱ्याची पाठ उघडून एकदा फ्लॅश मारून बघा. शटरच्या पडद्यातून उजेड दिसला की जमलं."

फिल्म आत होती. पाठ उघडली असती तर ती वाया गेली असती, आणि घरात दुसरी नव्हती.

मापनयंत्रांची अचूकता तपासणे ही माझी नोकरी. मी बॅटरीचा विद्युतदाब मोजला. फ्लॅशची ताकद सांगणारा गाईड नंबर अठ्ठावीस, खुर्चीचे अंतर साडेतीन मीटर. भागाकार आठ, म्हणून भिंगाचे छिद्र आठवर. शटर साठवर. उरला एकच प्रश्न. कॅमेऱ्याच्या कडेला वायरसाठी दोन भोके होती, एकाशेजारी लाल ठिपका, दुसऱ्याशेजारी पिवळा, आणि माहितीपुस्तिका हरवलेली.

"वायर कुठल्यात घालायची?"

"पिवळ्या. दुसऱ्याला मी कधी हात लावलेला नाही."

"हा काही पुरावा नाही, बाबा."

"तीस वर्षं फोटो आलेत. तुमच्या प्रयोगशाळेत किती वर्षांनी पुरावा धरतात, मॅडम?"

मी वायर पिवळ्यात घातली.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून टेबलावरच्या दिव्याशेजारी बसले. अकरा वेळा खोली पांढरी झाली. दर वेळी ते डोळे चोळत म्हणत, "हा आला." शेवटच्या वेळी त्यांनी डावा गाल पुढे केला. "याचा नीट घे. जाणारा पाहुणा आहे."

फिल्म चौथ्या दिवशी धुऊन मिळाली. निगेटिव्ह खिडकीशी धरले, तर त्यातून समोरच्या इमारतीची गच्ची स्वच्छ दिसत होती.

दुकानदाराने कॅमेरा हातात घेतला, पिवळ्या भोकाकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहायचे टाळले. ते भोक बल्बसाठी होते. बल्बला भडकायला वेळ लागतो, म्हणून तिथे ठिणगी पडदा उघडण्याच्या सुमारे पंधरा सहस्रांश सेकंद आधी मिळते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश एका सहस्रांशात संपतो. बाबांवर उजेड पडला तेव्हा पडदा बंद होता; पडदा उघडला तेव्हा खोली, दुपार असूनही, फिल्मसाठी अंधारीच होती. तीस वर्षांचा पुरावा खरा होता, फक्त तो दुसऱ्या दिव्याचा होता, आणि हे ओळखणे हेच माझे काम होते.

रुग्णालयात बाबांचा चेहरा पट्ट्यांत होता. बोलता येत नव्हते म्हणून त्यांनी पाटीवर लिहिले: आला?

काय उत्तर द्यायचे, हे मी जिन्यात ठरवले होते. ते देता आले नाही.

"नाही आला. मी वायर चुकीच्या भोकात घातली."

त्यांनी पाटी पुसली. लिहायला बराच वेळ लागला: मी सांगितलेल्या भोकात.

"मला तपासता आलं असतं. एक फिल्मच वाया गेली असती."

त्यांनी पाटी खाली ठेवली. हात पुढे केला. मी निगेटिव्हची पट्टी दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. प्रत्येक चौकटीत एकाच जागी टाचणीच्या माथ्याएवढा काळा ठिपका होता. टेबलावरचा दिवा, निगेटिव्हमध्ये काळा उमटलेला. तेवढाच आला होता.

बाबांनी ठिपक्याच्या उजवीकडे, जिथे खुर्ची होती, तिथे नख टेकवले आणि माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. मग ते पुढच्या चौकटीकडे गेले.