वेळेत आणलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची आरामखुर्ची आहे. मला पाहून कुणाला धडकी भरेल, असं वाटतं का तुम्हाला? पण भरायची.

चामराजपेटेतल्या एका सुतारानं मला घडवलं. रुंद पाठ, गुळगुळीत हात, पाठ मागेपुढे करायला दांडी. मराठी मंडळींच्या समाजमंदिरात मी असे. घरात आजारी माणूस असेल त्यानं मला न्यावं, अशी रीत होती. पण लोक न्यायचे कधी? सगळे उपाय थकल्यावर! तोवर आजाऱ्याला बसवतही नसे. मग माझ्यावर कांबळ्यांच्या घड्या पडत आणि लवकरच, माणूस गेलं की, माझी परत पाठवणी होई. मी गल्लीतून निघाले की बायका दारं लोटून घेत.

साठ सालच्या सुमारास कस्तुराबाईंना कॅन्सर झाला. इस्पितळात किरणांचे शेक चालू होते. त्या हिंडत्याफिरत्या होत्या, म्हणून घरात सगळे ‘सुधारतंय’ म्हणत. त्यांची थोरली नणंद अनुसूया परिचारिका होती. रविवारी जेवायला आली आणि गप्पा मारता मारता पाहत राहिली. कस्तुरा नुसता भात चिवडत होती. उठताना भिंत धरत होती. विचारल्यावर म्हणाली, आडवं पडलं की कळ येते, म्हणून रात्री बसूनच डुलकी घेते.

हात धुताच अनुसूया भावाला म्हणाली, “गुंडो, समाजमंदिरातली खुर्ची आण. डॉक्टरांना सांगून कळेचं औषधही सुरू करू.”

गुंडोपंत ताडकन उठले. “ती खुर्ची? अक्का, अगं, ही अजून चालतीबोलती आहे!”

“म्हणूनच तर.”

“म्हणजे शेक बंद करायचे?”

“कोण म्हणतंय? शेक चालू देत. पण तोवर तिनं दुखणं सोसत का बसायचं?”

स्वयंपाकघराच्या दारातून कस्तुराबाई म्हणाल्या, “अहो, स्वल्प माझंही ऐका. मला मरायची घाई नाही, पण टेकून बसायची आहे. आणा ती.”

गुंडोपंतांनी मला जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, घालून आणलं. तोंड असं केलेलं, जणू मीच ते दुखणं!

दुसऱ्या दिवशी औषध पोटात गेलं आणि कस्तुराबाई माझ्यावर टेकल्या. आधी खांदे सैल झाले, मग पाठ, मग कपाळावरची आठी. मी थक्क झाले. माणसाच्या अंगात केवढी कळ मावते! आणि ती जरा ओसरली की तिथं लगेच हसू उमटतं!

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “इतकी छान खुर्ची, आणि शुद्ध हरपलेल्यांनाच देता होय?”

मग त्या ओसरीवर बसू लागल्या. माझ्यावर बसून त्यांनी नवऱ्याला सार करायला शिकवलं. “सरी, बरं झालं, आता चिंच कोळा. अहो, एवढी? गावजेवण आहे का?”

दुखणं हटलं नाही. पण पावसाळा सरला, संक्रांत झाली, तरी ओसरीवरचं हसणं गल्लीत ऐकू येई. शेवटच्या दिवशी गुंडोपंतांच्या हातचं सार त्यांनी चमचाभर चाखलं, “मीठ कमी आहे” म्हणाल्या आणि माझ्यावरच शांत झोपी गेल्या.

पुढे मल्लेश्वरमातल्या अंबूबाईंना तेच दुखणं झाल्याचं कळलं, तेव्हा गुंडोपंत कुणी सांगायची वाट न पाहता मला घेऊन निघाले. मित्रांनो, मला अशीच लवकर न्या. उशिरा आले की मी नुसतं लाकूड आणि वेत असते.

गुंडोपंतांनी कडी वाजवली. दार उघडायला खुद्द अंबूबाईच आल्या.