अर्थ जोडायचा राहिला

वाघोलीत नगर रस्त्याला लागून बद्रीनाथांचे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचे दुकान होते. गेले वर्षभर तिथे दोन माणसांनी एक न बोललेली गोष्ट सांभाळली होती. साखरेच्या आजाराने बद्रीनाथांची नजर अधू होत चालली होती. जुन्या मीटरचा काटा कुठे थांबला, हे त्यांना दिसत नसे. ते गिऱ्हाइकालाच म्हणत, "जरा वाचा बघू, माझे हात ॲसिडचे आहेत." त्यांचा मुलगा पियुष हे पाहत असे आणि गप्प राहत असे. बोलणे त्याला तसेही कधी जमले नव्हते.

मागच्या आठवड्यात मात्र काटा वाचायला कुणी नव्हते आणि एक खराब बॅटरी चांगली म्हणून परत गेली. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक ती घेऊन दारात उभे. "अहो, बॅटरी नंतर तपासा. आधी डोळे तपासून या."

त्या संध्याकाळी बद्रीनाथांनी शेजारच्या शंभूला निरोप धाडला: गाळा हवा असेल तर सोमवारी ये, बोलू.

नवा मीटर बनवायला पियुषच्या हाती चार दिवस होते. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून त्याने तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणला आणि बोटभर उंचीचे लाल आकडे उमटवणारा डिस्प्ले, शिवाय तारा खोचायची भोकाभोकांची पांढरी पट्टी आणली. बोर्डाला पाचांहून अधिक व्होल्ट सोसत नाहीत. म्हणून बॅटरीचे बारा व्होल्ट दोन रेझिस्टरमधून वाटून घ्यायचे, त्यांतला लहान वाटा बोर्डाला द्यायचा आणि खरा आकडा प्रोग्रामकडून काढून घ्यायचा. एवढे त्याला कळत होते. पण इतके मोठे आकडे बाबांसमोर ठेवणे म्हणजे, तुम्हांला दिसत नाही हे मला ठाऊक आहे, असे भर दुकानात ओरडून सांगणेच नव्हते काय?

रविवारी दुपारी दुकान रिकामे असताना त्याने तारा बॅटरीला लावल्या. आकडे पेटले, पण ठरेनात. सात, साडेतीन, अकरा, पुन्हा चार. पाण्यात पडलेल्या दिव्यासारखे ते हलत राहिले. त्याने प्रोग्राम पुन्हा वाचला, रेझिस्टर बदलले. तेच.

"काय म्हणतोय?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबांनी विचारले.

"काहीही. सात म्हणतो, लगेच चार म्हणतो."

"मग अर्थ लागलेला नाही."

पियुष क्षणभर गोंधळला. बाबांच्या तोंडी अर्थ म्हणजे अर्थिंगची तार: बॅटरीचे वजा टोक आणि यंत्राचे वजा टोक एकत्र बांधणारी. पुस्तकांत वाढलेल्या पियुषच्या कानांवर आधी दुसराच अर्थ पडला, आणि तोही खराच वाटला.

"जोडलाय की, बाबा. या पांढऱ्या पट्टीच्या निळ्या रेघेवर. इकडे बॅटरीचा, तिकडे बोर्डाचा."

"जोडलेला दिसतोय. जोडलाय का, ते बघ."

तारा खोचायची ती पांढरी पट्टी पियुषने डोळ्यांजवळ नेली. निळी रेघ बरोबर मध्यावर तुटलेली होती. नखाएवढे अंतर. आतला धातूही तिथेच संपत असणार. दोन तारा एकाच रेघेवर, एकमेकींना न भेटता, दुपारपासून बसून होत्या. चांगल्या डोळ्यांना हे दिसले नव्हते.

त्याने काळ्या तारेचा एक तुकडा त्या फटीवरून पलीकडे खोचला. आकडे थांबले.

"बारा पॉइंट सहा," बाबा म्हणाले. खुर्चीवरूनच. कुणालाही न विचारता.

पियुषने तारेचे टोक नखाने आणखी घट्ट दाबले.

"एवढे मोठे आकडे कशाला रे आणलेस?"

"लहान मिळाले नाहीत."

"बुधवार पेठेत?"

पियुष मान खाली घालून तारा सारख्या करत राहिला. बाबा उठले, भिंतीवरचा काट्याचा मीटर त्यांनी खाली काढला, फडक्याने पुसला आणि खणात ठेवला.

"शंभूला फोन लाव. म्हणावं, सोमवारी नको येऊस." खण लावून ते पुन्हा खुर्चीवर बसले. "आणि ती दुसरी बॅटरी इकडे घे. वाचतो."