सासूबाई एका कडेला

जावईबापूंनी फोटोग्राफीचा क्लास काय लावला, त्यांच्या शहाणपणाला नुसता ऊत आला. वाढदिवसाला ठेवणीतले कपडे घालून ऐटीत बसलेल्या सासूबाईंना त्यांनी खुर्चीसकट पार कडेला सरकवलं.

"माणूस मधोमध नको, आई. चौकटीचे तीन भाग करायचे, माणूस एकाच भागात. बाकीची जागा मोकळी, नजरेला श्वास घ्यायला."

फोटोत सासूबाई कोपऱ्यात आणि बाकी सगळी भिंत.

"भिंत झकास आलीय," एवढंच बोलून त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या.

जेवायला बसल्यावर जावईबापूंच्या ताटात एका कडेला चमचाभर भात होता. बाकी ताट लख्ख.

"आई, भाजी?"

"जागा मोकळी ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या. "आधी नजरेला श्वास घेऊ द्या. पोटाचं नंतर बघू."