एका मार्काने नापास

"अगं बाई, हे बघ काय! यंत्राने आकडाच दिला नाही!" मी ओरडले.

पलीकडच्या खिडकीत रक्त काढणाऱ्या पोरीला सगळी लॅब डास म्हणते. तीही खुशाल ओ देते. कुणाच्या तरी दंडाचा पट्टा सोडत ती म्हणाली, "बिघडलं असेल, ताई. सकाळपासून कुरकुरतंय."

बिघडलं नव्हतं. ड जीवनसत्त्व आमच्या यंत्रावर दीडशेपर्यंतच मोजता येतं. त्यापुढे गेलं, की पडद्यावर नुसतं 'दीडशेपेक्षा जास्त' असं येतं. सव्वीस वर्षांत हे मी तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा चूक आमचीच निघाली होती. आमच्याकडे येणारी माणसं कशी, तर नऊ, बारा, सोळा आकड्यांची. दिवसभर खोलीत काम करणारी, उन्हाचं तोंड न पाहिलेली. म्हणून मी रक्ताचं वरचं पिवळं पाणी चौपट पातळ केलं आणि परत लावलं. येईल त्या आकड्याला चारने गुणायचं. एकशे तीन आले.

"चारशे बारा! कुणीतरी औषधाचं दुकानच गिळलंय," मी म्हणाले. डास फिसकन हसली. मीही हसले. देवा, मी पोट धरून हसले.

नळीवर फक्त नंबर असतो. अहवाल काढायला मी नंबर उघडला आणि समोर माझ्या अक्काचं नाव आलं.

"हिचं रक्त तू घेतलंस?"

"हो, सकाळी. तुमची बहीण ना? म्हणाल्या, तिला सांगू नकोस, तिची गंमत करायचीय." माझं तोंड बघून डास उठली. "ताई, काय झालं?"

 मी उरलेल्या रक्तावर कॅल्शियम लावलं, मूत्रपिंडाची तपासणी लावली. दोन्ही आकडे बघवत नव्हते. एवढं कॅल्शियम अंगात घेऊन ही बाई दोन जिने चढून आली कशी? मी ॲप्रनसकट अक्काच्या घरी धावत सुटले.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तिने सातवीतून शाळा सोडली आणि शिलाई मशीनवर बसली. मागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, पंचेचाळीस वर्षं. मी शिकले, लॅबमध्ये लागले, ती टाके घालत राहिली. मागच्या वर्षी तिची हाडं दुखायला लागली म्हणून मीच तिला ओढत नेऊन तपासणी केली. सात आले. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशा आठ मोठ्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर पुन्हा तपासलं, तर एकोणीस.

आता आमच्या लॅबची एक घाणेरडी सवय. विसाच्या खाली आलं, की आम्ही नापास म्हणतो. विसाच्या वर काठावर पास. तीस म्हणजे पास. त्याच तोऱ्यात मी फोनवर म्हणाले होते, "एका मार्काने नापास, अक्का! जरा मनावर घे की!" आणि फोन ठेवला होता. डॉक्टरांना परत दाखवायला घेऊन जायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

मी पोचले तेव्हा ती मशीनपाशीच बसली होती. पायाशी पाण्याची कळशी. तीन आठवडे तिला उलट्या होत होत्या, पोट साफ नव्हतं, मधूनच बोलता बोलता शब्द हरवत होता. मी पित्त म्हणून मोकळी झाले होते. रोज माणसांचं रक्त तपासणारी मी!

"आलीस? चुगली केली वाटतं तिने," अक्का हसली. ओठ पार सुकले होते. "किती आले गं?"

"अक्का, त्या गोळ्या तू कशा घेतल्यास?"

"आधी किती आले ते सांग."

"चारशे बारा."

तिचा चेहरा पडला नाही. गोंधळला. "शंभरातले चारशे कसे येतील?"

मला काही कळेना. तिने मशीनच्या खणातून जुना अहवाल काढला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, पुरेसे: तीस ते शंभर. सव्वीस वर्षं मी तो रकाना छापतेय.

"शंभरापैकी ना? म्हटलं, काठावर पास कशाला व्हायचं? चांगले आणू, तुला दाखवू. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार देतो. रोज एक घेतली बघ."

"रोज?"

"पाच महिने. एक दिवस चुकवला नाही."

 मी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कुणावर?

इस्पितळात सलाइन लागलं. डॉक्टर तरुण होती, फटकळ होती. "आठवड्याची गोळी रोज? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी पुढे झाले. त्याआधी अक्काच म्हणाली, "हिला बोलू नका हो. हिने बरोबर सांगितलं होतं. मीच ढ."

इतक्या वर्षांत मी तिला कधी ढ म्हटलं नव्हतं. पण म्हणायची गरजही पडली नसावी, हे मला तिथे, त्या खाटेपाशी उभं राहून समजलं आणि रडू कोसळलं.

बाहेर डॉक्टरने समजावलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं. गोळी बंद केली तरी महिनोन्‌महिने रक्तात झिरपत राहणार. त्याने कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं खराब होतात; प्रश्न त्यांचाच होता. ती तगली तर अक्का शिलाई मशीनवर परत बसेल.

रोजचं रक्त मीच काढायचे, मीच लावायचे. बाराव्या दिवशी तीनशे सत्तर. मूत्रपिंडं मात्र रोज थोडी थोडी हातची जात होती. त्या दुपारी डॉक्टर म्हणाली, आता डायलिसिसला पर्याय नाही. आठवड्यातून दोनदा. कदाचित कायमचं.

परिचारिकेने संमतीचा कागद आणला आणि सरळ माझ्यापुढे धरला. "तुम्ही सही करा. त्यांचा अंगठा घेऊ."

"अंगठा कशाला?" अक्का उशीवरून म्हणाली. "आण इकडे."

मी तिला टेकू देऊन बसवलं. सलाइनची सुई होती त्याच हाताने तिने पेन धरलं. एकेक अक्षर थांबून, रेघेच्या बाहेर जाऊ न देता, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. परिचारिकेने दोनदा घड्याळाकडे बघून घेतलं. मग अक्काने कागद माझ्याकडे वळवला.

"बघ गं," ती म्हणाली. "बरोबर आहे ना?"