दिव्यापाशी ठेवलेली गोळी

उमरठच्या कुशाबाला आणि त्याच्या बायकोला, बयाबाईला, साऱ्या भावकीची लग्नं, बारशी तोंडपाठ. पण बयाबाईची बीपीची एवढीशी गोळी दोघांच्याही ध्यानातून रोज निसटायची. शेवटी महाडला शाळेत शिकवणाऱ्या लेकीने, अक्षदाने, तोडगा काढला. आईचा संध्याकाळचा देवापुढचा दिवा जन्मात चुकला नव्हता. मग गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यातच ठेवायचं. दिवा लागला की गोळी तोंडात.

आणि जमलं की! काडी विझवली की बयाबाईचा हात आपोआप पाकिटाकडे जायचा. "देवाला दिवा नि तुला नैवेद्य," कुशाबा चिडवायचा. असं वर्ष गेलं. अक्षदा आधी रोज फोन करून विचारायची, तिनेही विचारणं सोडलं.

श्रावण सरता सरता भावकीतला श्रीपत गेला. दहा दिवसांचं सुतक लागलं. देव्हाऱ्यावर पडदा ओढला. आता त्याला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही. पाकीट आतच राहिलं, आणि हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बयाबाई उगाच आतबाहेर करू लागली.

"अवो, माझा काय तरी राहिलाय."

"दिवा राहिलाय, दुसरा काय!" पडवीत विळ्याला धार लावता लावता कुशाबा हसला. "सुतक हाय ना. फिटला का लाव."

"व्हय, तोच असंल," म्हणून ती टेकली.

पाचव्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. नंतर तिने विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता ती कलंडली. पोलादपूर येईपर्यंत तिची वाचा गेली होती, आणि महाडच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात ती गेली. गोळ्या चालू होत्या ना, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुशाबा छातीठोकपणे म्हणाला, "रोजच्या रोज. दिवा लावला का..." तो तिथेच भिंतीला धरून खाली बसला.

घरात पुन्हा सुतक. अक्षदाने बापाला चकार शब्दाने दोष दिला नाही; तोडगा आपलाच होता, हे तिला आतून खात होतं. तेराव्यानंतर तिने पडदा सारला. पाकिटातल्या गोळ्या होत्या तशाच होत्या. कुशाबा ते पाकीट छातीशी धरून लहान पोरासारखा रडला.

पुढे त्यालाही बीपी निघालं.

"बाबा, ही दिव्यापाशी नको," अक्षदा म्हणाली. "ताटापाशी ठेवू. जेवणाला सुतक नसतं."

ती महाडला परतली. कुशाबा आता एकटाच जेवतो. हात धुण्याआधी तो समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघतो.

"काय गो, माझा काय राहिलाय का?"

मग गोळी घेतो. अजून एकदाही चुकलेली नाही.